जीव वाचवणारी कुऱ्हाड

मित्रांनो, कुऱ्हाड म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? नदीत कुऱ्हाड पडली म्हणून काठावर रडत बसलेला तो प्रामाणिक लाकूडतोड्या? की हातात परशू घेतलेले परशुराम? वसई-विरारकडच्या मुलांना तर परशुरामच आधी आठवतील. कारण त्यांच्या शेजारच्या नालासोपाऱ्याचं जुनं नाव शूर्पारक, आणि परशुरामांनी समुद्राला मागे हटवून ही कोकणपट्टी मिळवली, ही दंतकथा तिकडच्या आजी-आजोबांच्या तोंडी असतेच. आणि ज्यांचा मराठीचा पेपर जवळ आलाय त्यांना आठवेल ती म्हण – ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’!

एकूण काय, कुऱ्हाड म्हणजे तोडणारी, फोडणारी, थोडीशी भीतीदायकच वस्तू. पण आज आपण ज्या कुऱ्हाडीची ओळख करून घेणार आहोत, ती जरा वेगळी आहे. तोडते तीही. पण तोडते ती दरवाजा, खिडकी, पत्रा आणि काच. कशासाठी? तर त्यांच्या पलीकडे अडकलेल्या माणसाला बाहेर काढण्यासाठी. अशी कुऱ्हाड दुकानातल्या लाकूडतोडीच्या कुऱ्हाडीसारखी असून चालत नाही. ती मुद्दाम विचार करून आखावी लागते. कशी आखतात ते आज पाहू या. नुसतं पाहू या कशाला, कागद-पेन्सिल घ्या, आपणच एक आखू या!

विरारची ती रात्र

आधी एक खरी घटना सांगायला हवी. २७ ऑगस्ट २०२५ हा गणेश चतुर्थीचा दिवस. घरोघरी बाप्पाच्या स्वागताची तयारी झालेली. मध्यरात्री बारा वाजून गेले आणि थोड्याच वेळात विरार पूर्वेच्या रमाबाई अपार्टमेंट या चार मजली इमारतीचा एक भाग कोसळला. गाढ झोपेत असलेली माणसं ढिगाऱ्याखाली सापडली. वसई-विरार महानगरपालिकेचे अग्निशमन जवान धावले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची म्हणजे एनडीआरएफची पथकं आली. दिवस उजाडला, मावळला, तरी काम चालूच होतं. या दुर्घटनेत १७ जणांचे प्राण गेले.

या घटनेतली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आजूबाजूचे रस्ते इतके अरुंद होते, की मोठी यंत्रं सुरुवातीला जागेपर्यंत पोचू शकली नाहीत. ढिगारा हातांनी उपसावा लागला. म्हणजे जेसीबी आहे, क्रेन आहे, सगळं आहे. पण गल्लीच्या तोंडाशी उभं आहे! अशा वेळी उपयोग कशाचा? जे माणसाच्या हातात मावतं, कमरेला अडकवून जिना चढता येतो, त्याचा. पहार, घण, छिन्नी, फावडं, घमेलं, दोरखंड आणि छोटी कुऱ्हाड.

आणि इमारत कोसळणं ही तर मोठी आपत्ती झाली. रोजच्या रोज येणारे फोन वेगळेच असतात. कुठे बंद घरात आग लागलेली असते, कुठे आजोबा आत चक्कर येऊन पडलेले आणि दाराला आतून कडी, तर कुठे पावसात झाड रिक्षावर पडलेलं. अशा ठिकाणी पहिल्या पाच-दहा मिनिटांना फार किंमत असते, आणि ती मिनिटं हातातल्या हत्याराचीच असतात.

टॉमहॉक कुठून आलं?

अशा छोट्या, एका हाताने चालवायच्या कुऱ्हाडीला जगात एक प्रसिद्ध नाव आहे, टॉमहॉक. होय, त्या नावाचं क्षेपणास्त्रही आहे आणि ते १९९१ च्या आखाती युद्धात गाजलं. पण मूळ टॉमहॉक म्हणजे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मूळ रहिवाशांची हातकुऱ्हाड. शब्दही त्यांच्याच अल्गोंक्वियन भाषांमधला. आधी तिला दगडी डोकं असे. मग युरोपातले व्यापारी आले आणि लोखंडी डोकं बसलं.

१९६६ साली पीटर लागाना नावाच्या एका अमेरिकी माजी सैनिकाने हे जुनं हत्यार नव्याने आखलं. पुढे धारेचं पातं, मागे टोकदार चोच आणि सरळ दांडा. व्हिएतनामच्या युद्धात गेलेल्या सैनिकांनी अशी सुमारे चार हजार टॉमहॉकं विकत घेतली. पुढे अनेकांनी त्यात बदल केले. कुणाच्या तरी लक्षात आलं, की हे लहानसं अवजार दार उघडायला, काच फोडायला, पत्रा कापायला फार सोयीचं आहे. आणि लढाईसाठी बनलेली वस्तू हळूहळू बचावकार्यातही आली.

आपल्याकडच्या अग्निशमन जवानाच्या कमरेच्या पट्ट्यालाही कुऱ्हाड अडकवलेली असते, बरं का! तीही अशीच: एका बाजूला पातं, दुसऱ्या बाजूला चोच, आणि दांड्यावर विजेचा धक्का रोखणारं रबर. भारतीय मानक संस्थेने या कुऱ्हाडीसाठी वेगळं मानक ठरवून दिलं आहे. त्याचा क्रमांक आयएस ९२६. म्हणजे टॉमहॉक आणि आपल्या जवानाची कुऱ्हाड, दोघी लांबच्या का होईना, बहिणी-बहिणीच!

आगीतून आलेली दोन अवजारं

चांगलं अवजार कोण आखतो, ठाऊक आहे? ज्याला त्या कामाचा अनुभव असतो तो. दोन गोष्टी ऐका.

पहिली गोष्ट एड पुलास्की यांची. अमेरिकेच्या आयडाहो राज्यात ते वनरक्षक होते. ऑगस्ट १९१० मध्ये तिथल्या जंगलात प्रचंड वणवा पेटला. पुलास्की आणि त्यांचे चाळीसएक मजूर चारी बाजूंनी वेढले गेले. पुलास्कींना तो डोंगर पाठ होता. त्यांनी सगळ्यांना एका जुन्या खाणीच्या बोगद्यात नेलं. धुराने जीव गुदमरत होता, माणसं घाबरून बाहेर पळू पाहत होती. पण पुलास्कींनी त्यांना आतच रोखून धरलं. काही जण दगावले, बहुतेक जण वाचले. स्वतः पुलास्कींच्या डोळ्यांना मोठी इजा झाली.

बरे झाल्यावर त्यांनी काय केलं असेल? वणव्याशी लढताना एकदा झाडं तोडायला कुऱ्हाड लागते, एकदा माती खणायला कुदळ लागते. दोन्ही पाठीवर घेऊन डोंगर चढायचा म्हणजे दमछाक. म्हणून त्यांनी कुऱ्हाड आणि कुदळ एकाच दांड्यावर बसवली. कल्पना अगदी नवी नव्हती, पण ती सुधारून कामाला लावली पुलास्कींनी. आज शंभर वर्षांनंतरही वणवा विझवणारे जवान ते अवजार वापरतात आणि त्याला ‘पुलास्की’च म्हणतात.

दुसरी गोष्ट न्यूयॉर्कची. ह्यू हॅलिगन हे तिथल्या अग्निशमन दलातले वरिष्ठ अधिकारी. त्यांच्या जवानांना बंद दरवाजे उघडण्यासाठी जड आणि बेढब पहारी वापराव्या लागत. काही पहारींचे भाग जोडून बनवलेले, त्यामुळे ऐन वेळी सांध्यातच मोडायच्या. १९४८ साली हॅलिगन यांनी एकच अखंड पहार तयार केली. एका टोकाला दोन दात असलेला काटा, दुसऱ्या टोकाला आडवं पातं आणि एक अणकुचीदार चोच. लांबी साधारण अडीच फूट. आज जगभरच्या अग्निशमन गाड्यांवर ही ‘हॅलिगन’ पहार सापडते. जोडीला जड बोथट पाठीची कुऱ्हाड. कुऱ्हाडीने ठोकून पहार फटीत घुसवायची आणि मग रेटायची. एकीवाचून दुसरी अडते, अशी ही जोडगोळी!

या दोन्ही गोष्टींत एक साम्य आहे, सापडलं का? दोघांनीही ‘काय छान दिसेल?’ असं विचारलं नाही. ‘काम करताना माझा माणूस कुठे अडला?’ हा त्यांचा प्रश्न होता. आपणही आता तोच विचारू या.

आधी कामांची यादी

कागदाच्या वरच्या बाजूला लिहा – ‘विरारच्या बचाव पथकासाठी कुऱ्हाड’. अजून चित्र काढायचं नाही हं! आधी तिला कोणकोणती कामं पडतील ते लिहायचं.

१. आतून कडी लावलेला लाकडी दरवाजा उघडणे.
२. त्याच्या बाहेरचा लोखंडी जाळीचा सेफ्टी डोअर उचकटणे.
३. खिडकीची किंवा बाल्कनीची ग्रिल भिंतीपासून सोडवणे.
४. चाळीवरचा सिमेंटचा किंवा लोखंडाचा पत्रा काढून धुराला वाट देणे.
५. पाण्यात अडकलेल्या गाडीची काच फोडणे.
६. पडलेल्या झाडाच्या फांद्या आणि आडवी आलेली प्लायवूडची कपाटं तोडणे.

आता यादीकडे पुन्हा पाहा. लाकूड तोडण्याचं काम फक्त पहिल्या आणि शेवटच्या ओळीत आहे. बाकी सगळीकडे उचकटायचं आहे, टोचायचं आहे, फाडायचं आहे. म्हणजे नुसती धार असून भागणार नाही, हे यादीनेच सांगितलं! म्हणून तर चित्राआधी यादी.

यादीच्या खाली अडचणीही लिहा. जिना अरुंद. अंधार. धूर. हातात ओले हातमोजे. समुद्र जवळ असल्यामुळे खारी हवा. आणि पावसाळ्याचे चार महिने सगळं चिंब.

मागची चोच: टाचणीचं शास्त्र

सुरुवात मागच्या बाजूने करू या, कारण खरी गंमत तिथे आहे. टाचणी बोटाने कागदात सहज घुसते, पण तिचं डोकं कागदात घुसवून पाहा बरं! जोर तोच, मग फरक कशाचा? विज्ञानाच्या पुस्तकात सूत्र आहे: दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. क्षेत्रफळ कमी, की दाब जास्त.

समजा हातोड्याचं तोंड ४० मिलिमीटर लांब-रुंद आहे. त्याचं क्षेत्रफळ १६०० चौरस मिलिमीटर. आणि चोचीचं टोक २ मिलिमीटर लांब-रुंद. त्याचं क्षेत्रफळ फक्त ४ चौरस मिलिमीटर. तेवढ्याच बलाने दोन्ही टेकवले, तर चोचीखालचा दाब चारशे पट! म्हणूनच पत्र्यावर हातोडा मारला तर पोचा पडतो आणि चोच मारली तर भोक.

काचेचंही तसंच. गाडीच्या बाजूच्या काचा बहुधा विशिष्ट पद्धतीने कडक केलेल्या असतात. मध्यभागी ठोसे मारून त्या लवकर फुटत नाहीत. पण कोपऱ्याजवळ टोकदार वस्तूचा एक फटका बसला, की संपूर्ण काचेचे खडीसाखरेसारखे बारीक तुकडे होतात. समोरच्या काचेत मात्र दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. ती तडकते पण जागची हलत नाही. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरात गाड्यांमध्ये पाणी शिरलं, दारं-काचा उघडेनात आणि काही जणांचा आतच गुदमरून अंत झाला. त्यानंतर काच फोडण्याच्या चिमुकल्या हातोडीचं महत्त्व अनेकांना पटलं. वातानुकूलित बसमध्ये खिडकीजवळ अशी हातोडी अडकवलेली असते. पुढच्या वेळी बसमध्ये चढलात की ती कुठे आहे ते पाहून ठेवा. (पाहून ठेवा म्हटलं, काढून नव्हे!)

तर आपल्या कुऱ्हाडीला मागे चोच हवीच. पण फार लांब आणि सुईसारखी नको. रेटताना वाकेल किंवा तुटेल. बुडाशी जाड, टोकाकडे निमुळती आणि किंचित खाली वळलेली. पोपटाची चोच आठवा, तशी. वळलेली का? म्हणजे ती फटीत अडकते आणि दांडा ओढला की वस्तू उचकटते.

दांडा: तरफेची जादू

इथे तुम्ही शिकलेली तरफ कामाला येते. समजा टेकूपासून मुठीपर्यंतचं अंतर ४५ सेंटिमीटर आहे आणि टेकूपासून चोचीच्या टोकापर्यंतचं ५ सेंटिमीटर. म्हणजे आपला जोर नऊ पट होणार. जवानाने २० किलो उचलण्याइतका जोर लावला, तर तिकडे १८० किलो उचलण्याइतका जोर पोचेल. ग्रिलच्या सळ्या तोडत बसण्यापेक्षा, ग्रिल भिंतीला जिथे धरली आहे तिथे हा जोर लावला तर काम लवकर होतं.

मग तुम्ही म्हणाल, दांडा एक मीटर लांब करू या की! जोर वीस पट! पण थांबा. आपल्या अडचणींच्या यादीत पहिलीच ओळ काय आहे? जिना अरुंद. तीन फुटी जिन्यात लांब कुऱ्हाड मागे नेली तर ती भिंतीलाच आपटेल, नाहीतर मागच्या सहकाऱ्याला लागेल. म्हणून लांबी बेताची हवी. आपण साधारण ४५ ते ५० सेंटिमीटर ठरवू या. आखणी म्हणजे अशी देवघेव असते, मित्रांनो. इकडे थोडं मिळवायचं, तर तिकडे थोडं सोडायचं.

वजनाचंही तसंच आहे. वजन दुप्पट केलं तर घावाची ऊर्जा दुप्पट होते. पण वेग दुप्पट केला तर ती चौपट होते. हलकी कुऱ्हाड भराभर फिरते, हात लवकर दुखत नाही. पण फारच हलकी केली तर घाव उथळ बसतो. सगळं मिळून एक किलोच्या आसपास वजन ठेवलं तर ती कमरेला जड होणार नाही आणि घावही पोकळ जाणार नाही.

आता दांडा कशाचा? तीन पर्याय आहेत. लाकूड, पोलाद आणि फायबर. लाकूड झटका शोषून घेतं, त्यामुळे मनगटाला कमी त्रास होतो. आपल्याकडे अवजारांच्या दांड्यांसाठी बाभूळ आणि धावडा ही चिवट लाकडं नावाजलेली. पण लाकूड भिजतं, सुकतं आणि डोकं ढिलं होतं. मग पुन्हा पाचर ठोकत बसा. डोक्यासकट अखंड पोलादाचा दांडा केला तर डोकं निसटायची भीतीच नाही. पण पोलादातून वीज वाहते, आणि घावाचा झटका थेट हातात येतो. फायबर कुजत नाही, पण आगीच्या फार जवळ त्याची काळजी घ्यावी लागते.

म्हणून अनेक जण मधला मार्ग काढतात. पोलादी पट्टी डोक्यापासून मुठीपर्यंत अखंड, आणि तिच्यावर विजेला अडवणाऱ्या रबराची जाड, खडबडीत मूठ. मुठीचं शेवटचं टोक थोडं फुगीर, म्हणजे ओल्या हातमोज्यातून कुऱ्हाड सटकणार नाही. रबर आहे म्हणून जिवंत तारेवर घाव घालायचा नाही बरं! जवानसुद्धा आधी मेन स्विच बंद करूनच पुढे जातात. रबर आहे ते चुकून संबंध आलाच तर.

पातं: फार धारदार नको!

हे वाचून दचकलात ना? कुऱ्हाड आणि धारदार नको? ऐका तर. वस्तऱ्यासारखी पातळ धार लाकडात छान घुसते. पण दरवाजात खिळे असतात, कडी-कोयंडा असतो. पातळ धार खिळ्यावर आदळली की तिचे कपचे उडतात. म्हणून बचावकार्यातल्या कुऱ्हाडीची धार थोडी जाड ठेवतात. ती पाचरीसारखी काम करते. कापण्यापेक्षा फाकवते. कोणाच्या हाताला, पायाला चुकून लागली तरी इजा कमी, हा आणखी एक फायदा.

पात्याच्या खालच्या बाजूला एक छोटी खाच ठेवली, तर खिळे उपटता येतात. पात्यात एक षट्कोनी भोक ठेवलं, तर झडपांचे नट फिरवता येतात. पण इथेच मोह आवरायला हवा! आणखी एक खाच, आणखी एक भोक, एक करवत, एक बाटली उघडणारं… असं करत गेलात तर कुऱ्हाड राहील बाजूला आणि हातात जत्रेतलं खेळणं येईल. प्रत्येक भोकाने पोलाद थोडं कमकुवत होतं. यादीत नसलेलं काम कुऱ्हाडीवर लादायचं नाही.

पोलादाला ‘पाणी’ देताना

आकार ठरला. आता लोहाराच्या भात्याकडे जाऊ या. आपल्याकडचे लोहार कोयते आणि कुऱ्हाडी करायला पुष्कळदा ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरतात. का? कारण ते पोलाद चिवट असतं. खड्ड्यांतून लाखो हिसके खाऊनही न तुटणारं!

लोहार पोलाद लालबुंद तापवतो, ऐरणीवर घणाने ठोकून आकार देतो. मग येतो सर्वांत नाजूक भाग. हत्याराला ‘पाणी देणे’. तापलेलं पातं एकदम पाण्यात किंवा तेलात बुडवलं की चर्र आवाज होतो आणि पोलाद अतिशय कठीण होतं. पण किती तापलं म्हणजे पुरे? त्याची एक गमतीदार खूण आहे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसच्या वर पोलाद लोहचुंबकाला चिकटत नाही! काही कारागीर चुंबक लावूनच ते ओळखतात.

पण नुसतं कठीण करून भागत नाही. अति कठीण पोलाद काचेसारखं ठिसूळ होतं. म्हणून ते पुन्हा हलकं तापवतात. पृष्ठभागावर आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा आणि शेवटी निळा असे रंग चढत जातात. रंग पाहून कारागीर ओळखतो, किती कठीणपणा ठेवायचा आणि किती चिवटपणा. आपल्या कुऱ्हाडीची धार आणि चोच कठीण हवी, पण मधलं अंग चिवट हवं. धार बोथट झाली तर पुन्हा लावता येते. पण ऐन आगीत डोकंच तुटलं, तर दुसरी संधी कुठली? आणि खाऱ्या हवेला तोंड द्यायला वर गंज रोखणारा लेप हवा. तोही शक्यतो भडक रंगाचा, म्हणजे धुरात, ढिगाऱ्यात हातातून पडली तरी चटकन दिसेल.

करून पाहा

पुठ्ठ्यातून ४५ सेंटिमीटर लांबीची कुऱ्हाड कापा. (खरी धार नको, पुठ्ठाच!) ती एका बोटावर आडवी तोलून पाहा. जिथे ती स्थिर राहते तो तिचा गुरुत्वमध्य. आता डोक्याला थोडी माती किंवा पीठ चिकटवा आणि पुन्हा तोला. गुरुत्वमध्य डोक्याकडे सरकला ना? हात फिरवून पाहा, ती आता कशी वाटते? मग तीच माती मुठीला लावून पाहा. डोकं जड असेल तर घाव जोरदार, मूठ जड असेल तर हाताळायला सोपी. मोठ्या कारखान्यांतले आखणीकारसुद्धा आधी असंच पुठ्ठ्याचं नाहीतर लाकडाचं मॉडेल करतात. ते जवानांच्या हातात देतात, हातमोजे घालून धरायला लावतात, आणि त्यांच्या तक्रारी ऐकून पुन्हा कागदावर येतात.

दुसरा प्रयोग याहून सोपा. खोलीचा दरवाजा कडीजवळ बोट ठेवून ढकला, मग बिजागरीजवळ बोट ठेवून ढकला. दांडा लांब का हवा, ते बोटच सांगेल!

कुऱ्हाड जिथे थांबते

आता एक खरं बोलायला हवं. रमाबाई अपार्टमेंटसारख्या ढिगाऱ्यात सिमेंट काँक्रीटचे स्लॅब असतात आणि त्यांत लोखंडी सळ्या. तिथे आपली ही कुऱ्हाड कितीही छान आखली तरी स्लॅब कापू शकत नाही. तिथे काँक्रीट कापणारी करवत लागते, तेलाच्या दाबावर चालणारे जबडे आणि कातऱ्या लागतात, स्लॅब अलगद उचलणाऱ्या हवेच्या पिशव्या लागतात. आतल्या फटीत सोडायचे कॅमेरे, आवाज टिपणारी यंत्रं आणि वास घेणारी कुत्रीही असतात. पुण्याजवळ सुदुंबरे इथे एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे. महाराष्ट्रात कुठे मोठी दुर्घटना झाली की तिथली पथकं धावतात.

आणि या सगळ्या यंत्रांहून मोठी एक गोष्ट असते, ती म्हणजे धीर. ऑगस्ट २०२० मध्ये रायगड जिल्ह्यातल्या महाडला पाच मजली इमारत कोसळली. तिथे एक चार वर्षांचा मुलगा सुमारे १९ तासांनंतर ढिगाऱ्यातून जिवंत निघाला! असं काम चालू असताना मधेच सगळी यंत्रं बंद करतात, सगळ्यांना गप्प राहायला सांगतात आणि कान देऊन ऐकतात. आतून कण्हण्याचा, टकटक करण्याचा आवाज येतोय का? म्हणून अशा जागी बघ्यांची गर्दी आणि गोंगाट नको असतो.

आई-बाबांनाही एक सांगा. सर्वांत उत्तम बचाव म्हणजे बचावाची वेळच न येणं. कोसळलेली ती विरारची इमारत अनधिकृत होती, असं महापालिकेने सांगितलं. कुऱ्हाड आखताना आपण एवढा विचार केला. इमारत आखताना आणि घर घेताना किती करायला हवा! खांबाला तडे, गिलाव्यातून डोकावणाऱ्या गंजलेल्या सळ्या, पावसात वाढणारी ओल ही इमारतीची हाकच असते. ती ऐकून वेळेत तपासणी करून घ्यायची.

तुमचं काम काय?

कुऱ्हाड खरीखुरी बनवणं किंवा वापरणं हे तुमचं काम नाही. ते शिकलेल्या जवानांचं काम आहे. अशी वस्तू दप्तरात, सहलीला, कुठेही न्यायची नाही. पण तुम्ही करू शकता अशा गोष्टी थोड्याथोडक्या नाहीत.

घराच्या ग्रिलला उघडणारी खिडकी आहे का? तिला कुलूप असेल तर किल्ली कुठे असते, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक आहे का? आज रात्रीच विचारा. जिन्यात सायकली, जुनी कपाटं, कुंड्या ठेवल्या असतील तर त्या हलवायला सोसायटीतल्या काका-काकूंना सांगा. गल्लीच्या तोंडाशी वाटेल तशी उभी केलेली एक गाडी अग्निशमन दलाची मोठी गाडी अडवू शकते. आणि नंबर पाठ ठेवा: आग लागली तर १०१, कुठलंही संकट आलं तर ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८. फोनवर आधी पत्ता सांगायचा, जवळची खूण सांगायची, मग बाकीचं.

दरवर्षी १४ एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात. १९४४ साली याच तारखेला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजावर आग लागून भयंकर स्फोट झाले आणि आग विझवायला गेलेले मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण शहीद झाले. त्या आठवड्यात ठिकठिकाणची अग्निशमन केंद्रं प्रात्यक्षिकं करून दाखवतात. आई-बाबांबरोबर जरूर जा. जवान काकांना त्यांच्या पट्ट्याची कुऱ्हाड दाखवायला सांगा, तुम्ही काढलेलं चित्र त्यांना दाखवा, आणि विचारा, ‘काका, काम करताना तुम्ही कुठे अडता?’ ते जे सांगतील ते चित्राच्या खाली लिहून ठेवा. पुढचं चित्र त्यातूनच निघेल.

राहता राहिली ती म्हण. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे खरं. कारण लाकडाचा दांडा लाकडावरच उठतो. पण जवान काकांच्या हातातला दांडा मात्र गोताला तारणारा. तेव्हा पुढच्या वेळी मराठीच्या बाईंनी या म्हणीचा अर्थ विचारला, तर आधी पुस्तकातला अर्थ सांगा, मार्क मिळवा, आणि मग हळूच हाही सांगा!